हजारात एक, बहुधा

राष्ट्र म्हणजे अखेर त्याने स्वतःबद्दल ठेवलेली मोजदाद. जे मोजलं जातं त्याची काळजी घेतली जाते. जे मोजलं जात नाही ते कधी घडलंच नव्हतं असं मानलं जातं. हा विचार मला बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात, सोनोग्राफीच्या टेबलावर, पोटाला थंडगार जेल फासलेलं असताना सुचला. त्या घडीला मला खरं तर फक्त बाथरूमला जायचं होतं.

आमच्या डॉक्टरबाई सोनोग्राफी स्वतःच करायच्या आणि करता करता ट्रॅफिकबद्दल बोलायच्या. त्या दिवशी त्या ट्रॅफिकबद्दल बोलेनात, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"बाळ नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. "प्रेग्नन्सी आहे, पण बाळ नाहीये."

एखाद्या तत्त्वज्ञाच्या तोंडी शोभावं असं हे वाक्य त्यांनी लगेच समजावून सांगितलं. बीज रुजतानाच काहीतरी चुकतं, गर्भाच्या जागी नुसती वारच वाढत सुटते आणि तिला पाण्याचे फुगे धरतात. याला मोलर प्रेग्नन्सी म्हणतात. "द्राक्षांच्या घडासारखं दिसतं, बघा," म्हणत त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. प्रसूतिशास्त्राला फळांचा फार सोस आहे. माझ्या फोनमधलं एक अ‍ॅप तोवर मला दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते कळवत होतं: तीळ, वाटाणा, स्ट्रॉबेरी. द्राक्षं त्यात धरलेली नव्हती.

मी काही बोलायच्या आत नवऱ्याने विचारलं, "हे किती कॉमन आहे?"

"हजारात एक, बहुधा."

"हजार काय? बायका, बाळंतपणं, की प्रेग्नन्सी?"

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "प्रेग्नन्सी."

"आणि इंडियात?"

"इंडियात थोडं जास्त असेल." मग प्रामाणिक बाई असल्यामुळे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "किंवा नसेलही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. पण त्या 'किंवा नसेलही'वर नवऱ्याचा चेहरा असा झाला की मला हसू फुटलं. जेल पुसायला दिलेल्या टिश्यूने मी सगळंच पुसून घेतलं.

नवरा मारतहळ्ळीच्या पुढे, रिंग रोडवरच्या एका कंपनीत डेटाचं काम करतो. देशातली किती माणसं एखादं बटण दाबता दाबता विचार बदलतात, हे तो जिल्हावार सांगू शकतो. मी दुसऱ्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. ती कुणी वाचत नाही, हेही तो आकड्यांनिशी सांगू शकतो. तो बेळगावकडच्या, पण राजाजीनगरात दोन पिढ्या मुरलेल्या घरातला आणि मी पुण्याची. त्यामुळे आमच्या घरात आकडे त्याचे, टोमणे माझे आणि अंतिम निर्णय सासूबाईंचा, अशी वाटणी पहिल्यापासून आहे.

गर्भाशय रिकामं करायला एक दिवस पुरला. खरं प्रकरण त्यानंतर सुरू झालं. त्या वाढलेल्या वारेचा एखादा कण जरी आत राहिला, तरी तो पुन्हा वाढू शकतो. वाढला तर कॅन्सरवर देतात तसली औषधं घ्यावी लागतात. तो राहिला आहे की नाही हे ओळखायची खूण एकच: रक्तातलं गर्भारपणाचं हार्मोन. दर आठवड्याला रक्त तपासायचं. आकडा उतरत उतरत नॉर्मल झाला की सुटका. मध्येच अडला किंवा चढला, तर इंजेक्शनं, आणि मुलाचा विचार लांबणीवर. आणि तोवर चुकूनही दिवस जाऊ द्यायचे नाहीत, कारण मग आकडा कशामुळे चढला ते कळणार नाही. मी पस्तिशी ओलांडलेली. लांबणीवर टाकायला माझ्याकडे फारसं काही उरलेलं नव्हतं.

थोडक्यात, गर्भार राहण्यासाठी आम्ही जितका आटापिटा केला होता, तितकाच आता गर्भार नाही हे सिद्ध करण्यासाठी करायचा होता. पुण्याहून मावशी फोनवर "गुड न्यूज कधी?" म्हणून विचारायची. मी "उतरतेय, मावशी, उतरतेय" म्हणायचे. ती म्हणायची, तुमची भाषाच कळत नाही बाई हल्ली.

नवऱ्याने पहिल्याच सोमवारी हॉलमधल्या टीव्हीवर एक आलेख लावला. त्यांच्या ऑफिसात काम किती उरलं ते दाखवणारी एक उतरती रेघ असते. ती रोज खाली यावी लागते, नाहीतर सगळ्यांना उभं करून विचारतात की का आली नाही. तशीच रेघ त्याने माझ्या हार्मोनची काढली. सोमवारी सकाळी रक्त, संध्याकाळी रिपोर्ट, रात्री जेवताना आढावा.

"या आठवड्यात परफॉर्मन्स चांगला आहे," तो म्हणायचा.

"थँक्यू सर," मी म्हणायचे.

त्या रेघेने त्याला धीर येत होता, म्हणून मी ती चालू दिली. मला मात्र मॅच बघायची असायची.

त्याचा खरा राग देशावर होता. 'हजारात एक, बहुधा' यातलं 'बहुधा' त्याला सहन होईना. एक अख्खा शनिवार-रविवार त्याने भारताचा खरा आकडा शोधण्यात घालवला. आकडे सापडले, पण एका हॉस्पिटलचा आकडा दुसऱ्या हॉस्पिटलच्या कित्येक पट, आणि प्रत्येक जण आपलं म्हणणं देशाबद्दल मांडतोय.

"अगं, हे सगळे हॉस्पिटलचे आकडे आहेत. देशाचे नाहीत," तो म्हणाला. "मोठ्या हॉस्पिटलात बिघडलेल्या केसेस लांबून लांबून येतात. सरळ बाळंतपणं गावातल्या छोट्या दवाखान्यात होऊन जातात, ती इथे मोजलीच जात नाहीत. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा फुगलेला, खालचा आटलेला."

"मग जास्त दिसत असेल."

"हो, पण उलटंही आहे. एखादीचं लवकरच पडून जातं, आत काय होतं ते कुणी बघत नाही. ती कुठेच नाही. काही देशांत अशा प्रत्येक बाईची नोंद होते, माहितीये? प्रत्येक! आणि आपल्याकडे..." त्याने खिडकीतून बाहेर हात केला. बाहेर एका पाण्याच्या टँकरने रस्ता अडवला होता आणि देश हॉर्न वाजवत होता.

मी त्याला एक अडचण सांगितली. आपल्यात तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. आमचं प्रकरण तीन महिन्यांच्या आतच आटोपलं. म्हणजे जे मुळात सांगितलंच नव्हतं, ते बिघडल्याचं तरी कुणाला सांगणार? लाखो बायका हेच करत असणार. जनगणना खात्याने कितीही माणसं नेमली तरी दृष्टीच्या भीतीपुढे त्यांचं काय चालणार?

"म्हणजे मिसिंग डेटा," तो म्हणाला.

"म्हणजे आपली पद्धत," मी म्हणाले.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या मराठी मंडळाने स्त्री-आरोग्यावर व्याख्यान ठेवलं. वक्ते म्हणजे एक निवृत्त, ज्येष्ठ, अनेक समित्यांवर बसलेले डॉक्टर. त्यांची ओळख करून द्यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखादी बाई बाळंत होऊन घरी गेली असती. शाल, श्रीफळ आणि म्हैसुरी पगडी असा सत्कार झाला. पगडी एक माप मोठी होती, त्यामुळे मातृत्वाचं माहात्म्य सांगताना ती दर दोन वाक्यांनी त्यांच्या भुवयांवर येत होती. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभी राहिले आणि विचारलं, "आपल्या देशात मोलर प्रेग्नन्सीचं प्रमाण किती आहे?"

सभागृहात कुजबुज झाली. प्रश्न बहुधा पालेभाज्यांबद्दल अपेक्षित होते.

"फार मार्मिक प्रश्न," डॉक्टर पगडी सावरत म्हणाले. "आपला देश विशाल आहे. विविधतेने नटलेला आहे. अशा देशात प्रमाण हे..." इथे त्यांनी दोन्ही हात पसरले. "प्रमाण हे वेगवेगळं असणार. यावर सखोल अभ्यास व्हायला हवा." टाळ्या पडल्या. नवरा माझ्या कानात म्हणाला, "डॉक्टरबाईंनी हेच दोन शब्दांत सांगितलं होतं."

सासूबाईंना हे सगळं ठाऊक होतं. त्या एकट्यांनाच आम्ही सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नका असंही. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितलं. राजाजीनगरात त्यांना गल्लीभर अक्का म्हणतात, आणि अक्कांच्या हळदीकुंकवाला गल्ली लोटते. हे मला कळलं ते मी तिथे कैरीची डाळ वाढत असताना. एका काकूंनी माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "द्राक्षं, न्हवं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी स्वल्पच सांगितलं. सगळं कुठं सांगितलं?"

पण मग गंमत झाली. त्या काकूंच्या जावेला हेच झालं होतं, धारवाडला. पन्हं पिणाऱ्या दुसऱ्या बाईंच्या बहिणीला. तिसऱ्या बाई आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या की त्यांना स्वतःलाच झालं होतं, लग्नानंतर लगेच. त्यानंतर दोन मुलगे झाले, दोघेही इंजिनियर. आणि आजवर त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मग सासूबाई म्हणाल्या, "बघ की! इंजिनियर!" जणू तो आजाराचा नेहमीचा परिणाम होता.

घरी येताना ऑटोत नवऱ्याला मी हे सांगितलं: वीस बायका, आणि माझ्यासकट चार केसेस. त्याने मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे आईच्या हॉलमध्ये पाचात एक?"

"तुझ्या मोठ्या हॉस्पिटलांसारखंच आहे," मी म्हणाले. "ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असतं, त्याच बोलतात. बाकीच्या डाळ खातात."

पण मी स्वतः त्या पाचात एकवर फार खूश होते. हजारात एक म्हटलं की माणूस हजारांच्या गर्दीत एकटा उभा राहतो. पाचात एक म्हटलं की बसायला चटई मिळते.

त्यानंतरच्या सोमवारी नवऱ्याच्या हातून ती चूक झाली. तशी चूक फक्त त्याच्या व्यवसायातला माणूसच करू शकतो. आमची नेहमीची लॅब जुनी होती. रक्त नेणारी बाई वेळेवर यायची, रिपोर्ट वेळेवर यायचा, पण तो छापील कागदाचा फोटो असायचा आणि नवऱ्याला आकडे हाताने भरावे लागायचे. हाताने आकडे भरणं त्याच्या धर्मात बसत नाही. त्याने दुसरी लॅब शोधली. तिचे रिपोर्ट थेट त्याच्या आलेखात जाऊन बसायचे. मला त्याने हे कौतुकाने सांगितलं, आणि मीही कौतुकाने दंड पुढे केला.

संध्याकाळी आलेख आपोआप बदलला. सासूबाई त्या दिवशी आमच्याकडेच होत्या. आम्ही तिघंही टीव्हीकडे बघत होतो. रेघ वर गेली होती.

रेघ फार नव्हती वर गेली, पण ती खालीच यायची असते. मला इंजेक्शनं दिसली, केस दिसले, जमिनीवर पडलेले, आणि मग बरंच काही, जे मी इथे लिहिणार नाही. नवऱ्याने उठून टीव्ही बंद केला. बंद पडद्यात आम्ही तिघं काळी काळी दिसत राहिलो.

"तुला भीती वाटतेय?" त्याने विचारलं.

"हो."

"दहापैकी किती?"

"अरे, गप बस की!" सासूबाई कडाडल्या.

सकाळी आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, मग कागदाच्या डोक्यावरचं नाव वाचलं आणि चष्मा काढला.

"लॅब बदललीत?"

"त्यांचा फॉरमॅट चांगला आहे," नवरा म्हणाला.

"सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. बेंगळुरूत एखाद्याला 'सर' म्हटलं की तो आदर असतो किंवा त्याचा शेवट असतो. "प्रत्येक लॅबचं मशीन वेगळं. तेच रक्त एका ठिकाणी एक आकडा देतं, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. म्हणून पहिल्या दिवशीच मी सांगितलं होतं, लॅब एकच. तुम्ही दोन मशीनचे आकडे एका रेघेत जोडलेत."

महिनाभर हा माणूस देशातल्या समस्त हॉस्पिटलांना याच एका गोष्टीसाठी शिव्या देत होता: जागोजागी वेगळ्या मापाने मोजायचं आणि सगळं मिळून एक रेघ ओढायची. देशाला ही चूक करायला एवढा मोठा प्रदेश लागला. त्याने ती एका दंडावर केली.

"म्हणजे वाढलेला नाही?" मी विचारलं.

"ते मला या कागदावरून सांगता येणार नाही. वाढलेला असेल, किंवा नसेलही." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "आज पुन्हा रक्त द्या. जुन्या लॅबला. सरी?"

"सरी," सासूबाईंनी आमच्या सगळ्यांच्या वतीने कन्नडातच होकार दिला.

तो दिवस कसा काढला ते मला नीट आठवत नाही. जुन्या लॅबची बाई आली, "काल का नाही बोलावलं, मॅडम?" म्हणाली, आणि नवरा आत जाऊन दडला. सासूबाईंनी राजाजीनगरच्या देवळातल्या भटजींना फोन लावला आणि अभिषेक सांगितला. भटजींनी सुनेसाठी म्हटल्यावर सवयीने संततीचा संकल्प सुरू केला असावा, कारण सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "आत्ता ते नको, आत्ता ते नको! आधी आकडा खाली येऊ दे, मग ते." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "हां, शुगरच समजा," सासूबाई म्हणाल्या.

दुपारी नवरा माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने डाळिंब सोलायला घेतलं. डाळिंब त्याला सोलता येत नाही. अर्ध्याहून जास्त दाणे सोफ्याखाली गेले. त्याने मला एकही आकडा सांगितला नाही आणि विचारलाही नाही. आमच्या संसारात याआधी असं झाल्याचं मला स्मरत नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "इंजेक्शनं लागली तर लागली. आपण दोघंच असलो तरी मला चालेल." मग घसा खाकरून, "आई पण आहेच."

"मी कुठं जाणार?" सासूबाई आतून म्हणाल्या.

संध्याकाळी रिपोर्ट आला. छापील कागदाचा फोटो, जरासा तिरका. आकडा उतरला होता. आदल्या आठवड्यापेक्षा चांगलाच खाली होता. नवऱ्याने तो हाताने भरला, एकेक अंक करून, आणि सासूबाईंनी रेघ खाली आलेली पाहिल्यावर टीव्हीलाच कुंकू लावलं. ते अजून कोपऱ्यात आहे. मॅचमध्ये नेमकं तिथेच स्कोअर येतो.

त्यानंतर लॅब बदलली नाही. आकडा उतरत राहिला. कधी भराभर, कधी आमचा जीव काढत. जुनी लॅब मात्र शेवटपर्यंत मला गर्भवती समजत होती आणि हिरव्या पालेभाज्यांचे संदेश पाठवत होती. आणि मग एका सोमवारी डॉक्टरबाईंनी फोटो पाहिला आणि त्या सोनोग्राफीनंतर पहिल्यांदाच ट्रॅफिकबद्दल बोलायला लागल्या. आम्हाला कळलं.

"नॉर्मल," त्या मग म्हणाल्या. "आणखी काही महिने महिन्यातून एकदा बघत राहू. मग मी हो म्हणेन तेव्हा पुन्हा प्रयत्न करा."

नवऱ्याने एकच प्रश्न विचारला. मी त्याला तो विचारू दिला, कारण त्याने तो बरेच महिने गिळला होता. "मॅडम, हिची ही केस कुठे मोजली जाईल?"

"आमच्या फाइलमध्ये."

"नाही, म्हणजे देशात."

डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. "देशाला विचारून सांगते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सासूबाईंनी राजाजीनगरात पेढे वाटले. कशाचे पेढे, असं ज्यांनी विचारलं त्यांना त्यांनी "सून नॉर्मल झाली" असं सांगितलं. त्यावरून गल्लीने काय अर्थ काढला असेल तो काढला असेल. मी घरी तो रिपोर्ट प्रथमच सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला. माझ्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत कुणाला किती असावं याच्या मर्यादा दिलेल्या होत्या: गर्भवती स्त्री, गर्भवती नसलेली स्त्री आणि सर्वांत शेवटी पुरुष. माझा आकडा पुरुषांच्या मर्यादेतही बसत होता. इतके महिने सुया टोचून, अभिषेक करून, रेघा ओढून मी जिथे पोचले होते, तिथे नवरा जन्मापासूनच होता.